छोट्या खाद्य आणि पेय उद्योगासाठी बायोगॅस : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील नवउद्योजकांसाठी मार्गदर्शक

ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ते नेरुळ असा पसरलेला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा रसायन आणि औषध कारखान्यांसाठी ओळखला जातो. पण याच पट्ट्यात फरसाण, मसाले, लोणची, बेकरीचे पदार्थ, फळांचे रस, पनीर आणि गोठवलेले मासे तयार करणारे छोटे कारखानेही आहेत, आणि तुर्भ्याच्या बाजार समितीच्या फळ व भाजी बाजारांतून दररोज निघणारा ओला माल वेगळाच. या सगळ्यांच्या मागच्या दारातून जे बाहेर जाते त्यात साखर, पिठूळ पदार्थ, स्निग्धांश आणि प्रथिने असतात, म्हणजेच ऊर्जा असते. ती वाहतुकीचे पैसे देऊन क्षेपणभूमीवर पाठवायची आणि त्याच दिवशी भट्टीसाठी व्यावसायिक सिलिंडर विकत घ्यायचा, हा व्यवहार मला फार खटकतो. तो बदलण्याची इच्छा असलेल्या, पण या क्षेत्राची काहीच माहिती नसलेल्या उद्योजकासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बहुतेक नवखे लोक आधी बायोगॅसची टाकी पाहायला जातात आणि मग तिच्यात काय टाकायचे याचा विचार करतात. क्रम नेमका उलटा हवा. बंद पडलेल्या प्रकल्पांत यंत्र बिघडल्याची उदाहरणे कमी आणि चुकीचे खाद्य, किंवा योग्य खाद्य चुकीच्या प्रमाणात, दिल्याची जास्त आढळतात.

पहिली पायरी : महिनाभर कचरा मोजा

साधा वजनकाटा, झाकणाची पिंपे आणि एक वही एवढेच साहित्य लागते. प्रत्येक पाळीच्या शेवटी कोणत्या विभागातून काय निघाले आणि किती निघाले ते पर्यवेक्षकाने लिहावे. 'ओला कचरा ४०० किलो' अशी एकच नोंद निरुपयोगी असते. अननसाच्या साली, आंब्याच्या कोयी, परत आलेल्या मुदतबाह्य बाटल्या, टाकी धुतल्याचे पाणी, तळणीचे उरलेले तेल, कांद्याची टरफले यांची नोंद वेगवेगळी हवी. हंगामाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आमरस काढणाऱ्या कारखान्याचा कचरा पावसाळ्यात एकदम घटतो, आणि टाकीतील जिवाणूंना मात्र बाराही महिने खायला लागते. म्हणून गेल्या वर्षीच्या उत्पादन नोंदींवरून प्रत्येक महिन्याचा अंदाज बांधावा.

नियमांच्या बाजूनेही ही वही उपयोगी पडते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दररोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरवून ओल्या कचऱ्यावर शक्यतो जागेवरच प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. हे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे आज लागू असलेली तरतूद महापालिकेच्या घनकचरा विभागात किंवा एमआयडीसीच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

दुसरी पायरी : सगळेच बायोगॅसमध्ये घालू नका

जैवऊर्जा म्हणजे फक्त बायोगॅस असे नाही. प्रत्येक टाकाऊ पदार्थाची योग्य वाट वेगळी असते, आणि ती वाट आधी ठरवली तर टाकी लहान लागते आणि निरोगी राहते.

तळणीच्या वापरलेल्या तेलाचे उदाहरण घ्या. फरसाण आणि वेफर कारखान्यांत ते भरपूर निघते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार जुलै २०१८ पासून, वारंवार तापवल्याने तेलात तयार होणाऱ्या एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल पुन्हा खाण्यासाठी वापरता येत नाही, आणि असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्यासाठी प्राधिकरणाने 'रुको' हा उपक्रम सुरू केला. अधिकृत संकलकाला तेल दिले तर पैसे मिळतात. तेच बायोगॅसच्या टाकीत ओतले तर गॅस पुष्कळ मिळतो हे खरे, पण प्रमाण जरा चुकले की वर तेलकट साय धरते आणि लांब साखळीची मेदाम्ले जिवाणूंना गुदमरवतात.

शेंगदाण्याची फोलपटे, काजूची टरफले, लाकडी खोकी असे कोरडे पदार्थ टाकीत कुजत नाहीत. ते योग्य रचनेच्या बॉयलरमध्ये जाळण्यासाठी किंवा ब्रिकेटसाठी, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटांसाठी, द्यावेत. डाळींची चुनी आणि बिअर गाळल्यावर उरलेला जवाचा ताजा चोथा पशुखाद्याला जातो. त्याला गिऱ्हाईक असेल तर गॅस करण्यापेक्षा तो व्यवहार जवळजवळ नेहमीच चांगला पडतो. आंब्याची कोय वेगळी काढावी. तिचे कठीण कवच महिनोन्महिने तसेच राहते आणि टाकीच्या तळाशी साचते, साली आणि गर मात्र उत्तम.

जपून द्यायचे पदार्थ असे. लोणच्याच्या खारात मीठ इतके असते की थोडासा खारही टाकीतील सोडियम वाढवतो, आणि लिटरमागे ३.५ ग्रॅमच्या पुढे सोडियम गेले की जिवाणूंचा वेग मंदावू लागतो. संत्र्या-मोसंबीच्या सालीतील लिमोनीन हे तेल जिवाणूंना मारक असते, म्हणून या साली थोड्या आणि इतर मालात मिसळून द्याव्यात. कांदा-लसणात गंधक असते, त्यामुळे गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो. मासे आणि दुधाचे पदार्थ प्रथिनांनी समृद्ध असल्याने त्यांच्यातून अमोनिया सुटतो; एकटे दिले तर त्रास देतात, पण साखरेच्या कचऱ्याला नेमकी ज्या नत्राची उणीव असते ते यांच्याकडेच असते. शेजारच्या गाळ्यातील मासे प्रक्रियावाल्याशी बोलणे म्हणूनच फायद्याचे ठरू शकते. जंतुनाशके आणि यंत्रे धुण्यासाठी वापरलेला तीव्र कॉस्टिक सोडा यांचे पाणी मात्र कोणत्याही परिस्थितीत टाकीकडे वळवू नये.

तिसरी पायरी : टाकीच्या आत काय घडते ते समजून घ्या

टाकीत हवा नसते. तेथे जिवाणूंचा पहिला गट पिष्ट, प्रथिने आणि मेद यांचे विरघळणाऱ्या लहान रेणूंत तुकडे करतो. दुसरा गट त्यांची आम्ले करतो. तिसरा त्या आम्लांपासून मुख्यतः ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात. मिळणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि अल्प हायड्रोजन सल्फाइड असतो.

नवख्याने लक्षात ठेवायचा मुद्दा वेगाचा आहे. आम्ले करणारे जिवाणू भराभर वाढतात, तर मिथेन करणारे हळू वाढतात आणि नाजूक असतात. त्यांना साधारण ६.८ ते ७.५ सामू, म्हणजे पीएच, मानवतो आणि ३५ ते ४० अंश तापमान आवडते. तुम्ही एकदम हजार लिटर मुदतबाह्य शीतपेय ओतले तर पहिला गट काही तासांत त्याचे आम्ल करून टाकतो, सामू घसरतो, मिथेनवाले थांबतात आणि टाकी आंबते. पेय उद्योगात हा धोका सर्वांत मोठा, कारण साखर लगेच आंबते आणि बहुतेक शीतपेये मुळातच आम्लधर्मी असतात. आपल्या किनारी हवामानाचा येथे फायदा होतो. वर्षातील बराच काळ टाकी बाहेरून तापवावी लागत नाही, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि मुसळधार पावसाचे दिवस यांची काळजी घ्यावी लागते.

अन्नाच्या कचऱ्यातून शेणापेक्षा इतका अधिक गॅस का मिळतो, हा प्रश्न हमखास विचारला जातो. शेण हे जनावराच्या पोटातून पचून आलेले असते, त्यातील सोपी ऊर्जा जनावराने आधीच घेतलेली असते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच विचारावर पिठूळ आणि गोड खरकट्यावर चालणारे छोटे घरगुती संयंत्र विकसित केले, आणि त्या कामाला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

चौथी पायरी : हिशेब मांडा

एक काल्पनिक पण वास्तवाच्या जवळचे उदाहरण घेऊ. रबाळ्यातील एका फळरस कारखान्यातून रोज ४०० किलो साली आणि चोथा निघतो आणि ३०० लिटर परत आलेले पेय असते, ज्यात ११ टक्के साखर आहे.

पेयातील साखर झाली ३३ किलो. एक किलो साखरेची सीओडी, म्हणजे तिचे रासायनिक ऑक्सिडीकरण व्हायला लागणारा ऑक्सिजन, सुमारे १.१२ किलो, म्हणून एकूण सुमारे ३७ किलो. नष्ट झालेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे प्रमाणित स्थितीत ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. ८० टक्के पचन धरले तर सुमारे १० घनमीटर. सालींमध्ये कोरडा भाग १५ टक्के आणि त्यातील ९० टक्के सेंद्रिय धरला तर ५४ किलो सेंद्रिय पदार्थ होतो, किलोमागे ०.३५ घनमीटर या दराने सुमारे १९ घनमीटर मिथेन. दोन्ही मिळून २९ घनमीटर मिथेन, म्हणजे साधारण ५० घनमीटरच्या पुढे बायोगॅस. उष्णतेच्या भाषेत हे सुमारे २२ किलो एलपीजी होते. गळती, बंद दिवस आणि शेगडीची कार्यक्षमता यांसाठी थोडी कात्री लावली तरी रोज १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर वाचतो असे धरायला हरकत नाही.

यातील सालीचे आकडे गृहीत आहेत. तुमच्या मालाचे खरे आकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून एकूण घन, सेंद्रिय घन, सीओडी, नत्र आणि क्षार यांची चाचणी करून घ्यावेत. संपूर्ण प्रकल्पाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे, आणि मी तरी या चाचणीशिवाय कोणालाही पुढे जाऊ देणार नाही.

आता टाकीचा आकार. रोजचा सेंद्रिय भार ३३ अधिक ५४, म्हणजे ८७ किलो. साध्या, ढवळणी असलेल्या टाकीला घनमीटरमागे रोज दीड ते दोन किलो भार पेलतो. दोनने भागले तर सुमारे ४४ घनमीटर, दीडने भागले तर ५८. खाद्यात साखर इतकी असताना मी ६० घनमीटरचा आग्रह धरेन. विक्रेता याच भारासाठी २० घनमीटरची टाकी पुरेल असे सांगत असेल तर त्याच्याकडून लेखी हिशेब मागावा.

पाचवी पायरी : संयंत्राचा प्रकार आणि परवानग्या

घन आणि द्रव असा मिश्र कचरा असेल तर ढवळणीची बंद टाकी आणि वर गॅस साठवणारा फुगा ही रचना छोट्या कारखान्याला सोयीची पडते. ठाणे खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' तंत्रज्ञान दोन टप्प्यांचे आहे. त्यात कचऱ्याचा लगदा आधी गरम पाणी आणि हवा देऊन उष्णताप्रिय जिवाणूंकडून मोडला जातो आणि मग हवाबंद टाकीत जातो. उपाहारगृहे, वसाहती आणि बाजार यांच्या मिश्र ओल्या कचऱ्यासाठी ते सोयीचे आहे. कचरा जवळपास सगळा पातळ असेल, जसे बिअर किंवा दुग्धप्रक्रियेचे सांडपाणी, तर सांडपाणी गाळाच्या थरातून खालून वर वाहते अशी उंच टाकी, जिला सगळे 'यूएएसबी' म्हणतात, अधिक योग्य, कारण तिच्यात गाळ आतच टिकून राहतो आणि पाणी आठवड्यांऐवजी तासांत प्रक्रिया होऊन बाहेर पडते.

बायोगॅस शुद्ध करून दाबाखाली सिलिंडरमध्ये भरण्याचा विचार छोट्या कारखान्याने सुरुवातीला बाजूला ठेवावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'सतत' योजनेने तेल कंपन्यांमार्फत असा गॅस खरेदीची वाट मोकळी केली, पण त्यासाठी किमान ९० टक्के मिथेनची शुद्धता, दाबाच्या सिलिंडरांसाठी 'पेसो' या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे परवाने आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर कच्चा माल लागतो. अनेक गाळेधारकांनी एकत्र येऊन मोठ्या प्रकल्पाला माल पुरवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग.

स्वतःच्या जागेत वापरायच्या गॅससाठीसुद्धा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात बदल करून घ्यावा, एमआयडीसीकडून बांधकाम आराखडा आणि अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे, आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला मांडणीत हा बदल दाखवावा. अनुदानाची चालू स्थिती 'महाऊर्जा' या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे विचारता येते. मात्र अनुदान धरूनच प्रकल्प परवडत असेल तर तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी : टाकी सुरू करणे

येथे संयम लागतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातील तबेल्यांतून ताजे शेण आणावे, शक्य असल्यास चालू बायोगॅस संयंत्रातील स्लरीही, म्हणजे पचून बाहेर पडणारा पातळ रबडाही, त्यात मिसळावी, आणि पाण्यात कालवून टाकी भरावी. पहिल्या दिवसांत निघणारा गॅस बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो आणि जळत नाही. शिवाय फुग्यात अजून हवा असते; हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर ते मिश्रण स्फोटक असते. म्हणून सुरुवातीचा गॅस सुरक्षित ठिकाणी उंचावर सोडून द्यावा आणि कोणी काडी ओढणार नाही याची खात्री करावी. गॅस निळ्या ज्योतीने स्थिर जळू लागला की ठरवलेल्या भाराच्या दहाव्या हिश्शापासून खाद्य सुरू करावे आणि सामू स्थिर असेल तरच दर आठवड्याला थोडे वाढवावे. पूर्ण भारावर यायला दोन ते तीन महिने लागतात. या काळात मालकाची घाई हा टाकीचा सर्वांत मोठा शत्रू असतो.

खाद्य देण्यापूर्वी माल बारीक दळावा. बाटल्या, पाऊच आणि टेट्रापॅक फोडून वेष्टन पूर्णपणे वेगळे करावे; प्लॅस्टिकचे तुकडे पंपात अडकतात आणि पुढे खतातही जातात.

रोजची देखभाल

रोज एकाच वेळी सामू, तापमान आणि गॅसमीटरचा आकडा वहीत लिहावा. आठवड्यातून एकदा टाकीत तयार होणारी बाष्पशील मेदाम्ले आणि क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, यांचे गुणोत्तर तपासून घ्यावे; ते ०.३ ते ०.४ च्या आत असेल तर टाकी ठीक आहे. सामू घसरण्यापूर्वी हे गुणोत्तर वाढते, म्हणून इशारा आधी तेच देते. गॅसचे आकारमान टिकून आहे पण ज्योत फिकी पडली, किंवा बाहेर पडणाऱ्या स्लरीला आंबट वास आला, तर गॅस वाढवण्यासाठी जास्त खाद्य देण्याचा मोह टाळून खाद्य ताबडतोब थांबवावे. गरजेनुसार खाण्याचा सोडा घालून सामू सावरावा आणि सावरल्यावर अर्ध्या भारापासून पुन्हा सुरुवात करावी. फक्त साखरेच्या पेयावर टाकी चालवायची असेल तर नत्र आणि स्फुरद बाहेरून द्यावे लागतात. कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते ३० च्या दरम्यान ठेवण्यासाठी शेण, पनीरचे पाणी किंवा माशांचा चोथा यांचा उपयोग होतो.

गॅस वापरणे, आणि जीव सांभाळणे

सर्वांत सोपा आणि किफायतशीर वापर म्हणजे भट्टी, कढई किंवा बॉयलरमध्ये थेट जाळणे. एलपीजीची शेगडी जशीच्या तशी चालत नाही. बायोगॅसला हवा कमी लागते आणि गॅसचे छिद्र मोठे लागते, म्हणून बर्नर बदलून घ्यावा. वीज करायची तर घनमीटरमागे दीड ते दोन युनिट मिळतात, पण इंजिनाची देखभाल पाहता उष्णतेची गरज असलेल्या कारखान्याने विजेच्या मागे लागू नये. गॅसवाहिनीला उतार देऊन तळाशी पाणी काढण्याची सोय ठेवावी, आणि लोहऑक्साइडच्या गाळणीतून गॅस पार करून हायड्रोजन सल्फाइड काढावा, नाहीतर तो बर्नर आणि नळ्या खाऊन टाकतो.

या वायूविषयी मी कळकळीने लिहीत आहे. वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. माणसाला वाटते वायू गेला. याहून कितीतरी पट वाढला तर काही श्वासांत माणूस कोसळतो. म्हणून टाकीत, स्लरीच्या खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नये, आत पडलेल्याला वाचवण्यासाठीसुद्धा विनासाधन उतरू नये. असे वाचवायला गेलेले सहकारीच अनेकदा बळी ठरतात. सफाई लागलीच तर हवा खेळवून, वायूमापक यंत्राने तपासून, श्वसनसाधने आणि बाहेर दोरी धरून उभा माणूस असलेल्या प्रशिक्षित संस्थेकडूनच करून घ्यावी. ठेक्यावरच्या कामगाराला हे नियम त्याला समजेल त्या भाषेत सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे. गॅसवाहिनीवर ज्वालारोधक, फुगा भरल्यावर जादा गॅस जाळणारी ज्योत आणि दाब वाढल्यास मोकळे करणारी पाण्याची सील या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

स्लरीची सोय आधीच करा

जेवढे आत जाते, जवळजवळ तेवढेच रोज बाहेर येते. वरच्या उदाहरणात पाणी मिसळून रोज हजार लिटरच्या आसपास स्लरी निघेल, आणि गाळ्याच्या मर्यादित जागेत ती ठेवायला दोन दिवसांतच अडचण होईल. तिच्यात नत्र, स्फुरद आणि पालाश जवळपास सगळे शिल्लक असते, म्हणून ती चांगले खत आहे. परंतु तिची सीओडी अजूनही इतकी असते की पावसाळी गटारात किंवा नाल्यात सोडणे गुन्हा ठरेल आणि ठाणे खाडीला त्याचा थेट त्रास होईल. दाबयंत्रातून घन आणि द्रव वेगळे करावेत. घन भाग वाळवून रोपवाटिकांना देता येतो, द्रव भागातील काही पाणी पुन्हा लगदा करण्यासाठी वापरता येते, आणि उरलेले कारखान्याच्या ईटीपीमधून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतून, प्रक्रिया करून संमतिपत्रातील मर्यादांनुसारच सामाईक सांडपाणी केंद्राकडे जाते. खत म्हणून विक्री करायची असेल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील आंबवलेल्या सेंद्रिय खताचे निकष पाळावे लागतात. पनवेल, उरण, कर्जत भागातील शेतकऱ्यांशी आणि रोपवाटिकांशी टाकीची मागणी नोंदवण्याआधीच बोलून घ्यावे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत उचल मंदावते हे धरून छपराखाली साठवणुकीची जागा राखावी. ही सोय कागदावर ठरलेली नसेल तर विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये.